फ्रँकोनिया खिंडीतील दोन दिवस

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या नावाने 2000 साली पाव डॉलरचे एक नाणे निघाले. कड्यातून बाहेर डोकावणारा एका वृद्धाचा चेहरा त्यावर कोरलेला आहे. नाणे आजही चलनात आहे. चेहरा मात्र उरलेला नाही. 3 मे 2003 रोजी सकाळी लोकांनी वर पाहिले, तेव्हा कडा मोकळा दिसला. ग्रॅनाइटच्या पाच कंगोऱ्यांतून घडलेला, चाळीस फूट उंचीचा हा ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ खालच्या प्रोफाइल तळ्यापासून सुमारे बाराशे फूट उंचीवर होता. 1916 साली त्याच्या कपाळावरील शिळेला लोखंडी सळ्यांनी आवळले होते, 1958 साली ती डागडुजी वाढवण्यात आली आणि पुढे नील्सन घराण्यातील पिता-पुत्रांनी वर्षानुवर्षे दोरावर लोंबकळून त्याच्या भेगा बुजवल्या. भेगेत शिरणारे पाणी गोठले की फुगते, आणि थंडीच्या या पाचरीपुढे अखेर सळ्यांचे काही चालले नाही.

ज्या खिंडीत हा चेहरा होता, तो फ्रँकोनिया नॉच राज्य उद्यानाचा परिसर मात्र अबाधित आहे, आणि त्याची खरेदी हा व्यापारी माणसाला रस वाटावा असाच व्यवहार आहे. 1923 साली खिंडीतील मोठे प्रोफाइल हाउस हॉटेल जळाले. मालकांनी पुन्हा बांधण्याऐवजी जमीन विकण्याचे ठरवले, आणि भोवतीच्या जंगलावर लाकूड कंपन्यांची नजर गेली. किंमत ठरली चार लाख डॉलर. राज्य विधिमंडळाने दोन लाख मंजूर केले, बोस्टनच्या जेम्स स्टॉरो यांच्या इस्टेटीतून एक लाख आले, आणि उरलेल्या एका लाखासाठी वनसंरक्षण संस्था व महिला मंडळे दारोदार फिरली. योजना सोपी होती: एक डॉलर द्या, एक झाड वाचवा. हजारो लोकांनी झाडे ‘विकत’ घेतली आणि 1928 साली खिंड सार्वजनिक मालकीची झाली. पुढे येथूनच राष्ट्रीय महामार्ग न्यायचा ठरला, तेव्हाही दीर्घ वादानंतर तोडगा निघाला की, खिंडीपुरता रस्ता प्रत्येक दिशेला एकाच मार्गिकेचा राहील. 1988 साली तो तसा पूर्ण झाला. वेगाने धावणारी वाहने येथे आपोआप मंदावतात.

बोस्टनकडे राहणाऱ्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या पालकांना ही खिंड शनिवार-रविवारच्या फेरीत सहज साधते. येथील वाटा एकमेकींसारख्या नाहीत, हीच तिची खुबी आहे. सर्वांत सोपी वाट ‘फ्लूम’ या घळीची. आठशे फूट लांब, दोन्ही बाजूंना सत्तर ते नव्वद फूट उंच सरळ भिंती, आणि मधून लाकडी मार्गिकेवरून चालणे. ही घळ कशी झाली, हे सह्याद्रीच्या लेकरांनी आवर्जून समजून घ्यावे. ग्रॅनाइटच्या भेगेत काळ्या बेसॉल्टची एक उभी पट्टी घुसून थिजली होती. आपल्याकडे सारा डोंगरच ज्या बेसॉल्टचा, तो येथे कच्चा ठरला. पाण्याने ती पट्टी आधी झिजवली आणि ग्रॅनाइटच्या भिंती उभ्या राहिल्या. या भिंतींच्या बेचक्यात एक प्रचंड शिळा अडकून लटकत असे. 1883 सालच्या एका वादळी पावसात ती वाहून गेली आणि तेथे नवा धबधबा तयार झाला. या डोंगरात कायमचे असे फारसे काही नाही, हे ‘वृद्धा’च्या पतनाच्या एकशेवीस वर्षे आधीच दिसून आले होते.

जवळच ‘बेसिन’ नावाचा तीस फूट व्यासाचा रांजणखळगा आहे. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. ‘आर्टिस्ट्‌स ब्लफ’ची फेरी जेमतेम अडीच किलोमीटरची, वरच्या खडकावरून एको तळे आणि समोरचा कॅनन डोंगर एका दृष्टिक्षेपात येतो. शरद ऋतूत मेपल लाल होतात तेव्हा येथे वाहन उभे करायला जागा मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिला दिवस एवढ्यात सुखाने सरतो.

दुसऱ्या दिवशी विचार करावा लागतो, कारण समोर फ्रँकोनियाची डोंगरधार असते. वाट उद्यानातून सुरू होते. धबधब्यांच्या कडेने चढून लिटल हेस्टॅक, लिंकन व लाफायेट ही शिखरे गाठायची आणि दुसऱ्या अंगाने उतरायचे. एकूण अंतर सुमारे चौदा किलोमीटर, चढण अडतीसशे फुटांच्या घरात. लाफायेटची उंची सव्वापाच हजार फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही कमी. नेमकी येथेच मराठी माणसाची गफलत होण्याचा संभव आहे. हे ठिकाण 44 अंश उत्तर अक्षांशावर आहे. वरच्या धारेवर झाडे संपतात आणि पुढे पावणेतीन किलोमीटर आडोसा म्हणून काही नसते. खाली वाहनतळावर ऊन असताना वर धुके, गार पाऊस आणि माणसाला ढकलणारा वारा असू शकतो. सुती कपडे भिजले की अंगातली ऊब खेचून घेतात. या धारेवर थंडीने माणसे दगावली आहेत. वाटेच्या दोन्ही कडांना दगडांच्या बुटक्या रांगा लावल्या आहेत, त्यांच्या पलीकडे पाऊल टाकू नये. तेथे तळहाताएवढ्या उंचीच्या, अतिशय सावकाश वाढणाऱ्या वनस्पती आहेत. एकदा तुडवल्या गेल्या की त्या भरून यायला फार काळ लागतो.

वर अडकलेल्याला शोधून आणण्याचे काम राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याकडे आहे. त्याच्या जोडीला स्वयंसेवक रात्री-अपरात्री निघतात. निष्काळजीपणाने स्वतःला संकटात घालणाऱ्याकडून बचावाचा खर्च वसूल करण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे. म्हणून 2015 साली ‘हाइक सेफ कार्ड’ सुरू झाले: एका व्यक्तीस 25 डॉलर, कुटुंबास 35. कार्डधारकाला निष्काळजीपणाबद्दलची वसुली माफ. पैसा जातो बचावनिधीत. तथापि हा विमा नव्हे. जाणूनबुजून बेदरकारी करणाऱ्यास कार्डाचे संरक्षण नाही. अटी वाचण्याची सवय असलेल्यांना यातील मेख चटकन कळेल: कार्ड बिल माफ करते, रात्र नव्हे. अंधारात मदत वर पोहोचायला कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ अंगावरचा कोरडा लोकरी कपडा व पिशवीतला दिवाच काय तो कामी येतो. मोबाइलचा दिवा त्यात जमेस धरू नये.

तेव्हा निघण्याआधी हिशेब असा मांडावा की, चढण्याच्या वेळेइतकाच उतरण्याचा वेळ राखून ठेवायचा, आणि परत फिरण्याची वेळ खालीच ठरवायची. वर गेल्यावर ठरवलेली वेळ नेहमी थोडी पुढे सरकते. कुटुंबात पन्नाशीपुढचे किंवा लहान मुले असतील, तर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला लोनसम तळ्याची वाट आहे. एका बाजूने दोन किलोमीटर, हजार फुटांची चढण, वर तळ्याकाठी डोंगरी निवारा. तेथे लाकडी धक्क्यावर बसून शिदोरी सोडली की समोर तीच फ्रँकोनियाची धार संपूर्ण दिसते. ढग नसतील तर दुपारच्या उन्हात लाफायेटचा माथा उजळलेला असतो. ढग असले, तर बारा वाजताच तो नाहीसा होतो.