वरच्या मजल्यावरचा शत्रू

या शनिवारी जरा वेगळा विषय. कोडिंगपासून लांबचा... म्हणजे तसा फार लांबचा नाही, वाचता वाचता कळेलच.

टेबलावर छोट्या प्लॅस्टिकच्या सैनिकांच्या फौजा मांडून खेळायचे युद्धखेळ असतात. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा 'वॉरहॅमर ४०,०००'. १९८७ साली तो पहिल्यांदा आला. बुद्धिबळासारखी घरं वगैरे नाहीत. सैनिक किती सरकला ते टेपने इंचात मोजायचं आणि मेला की वाचला ते फासे ठरवणार. मोकळ्या मैदानात सगळं सुरळीत चालतं. घोळ सुरू होतो तो इमारतीत, आणि तिथेही हातघाईची वेळ आली की.

का ते बघा. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत शत्रूवर धावून जायचं असेल तर दोन फासे टाकायचे. बेरीज येईल तेवढे इंच पळायचं आणि शत्रूपासून १ इंचाच्या आत पोचायचं. समजा, शत्रू पडक्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे आणि आडवं-उभं मिळून तुम्हाला ८ इंच हवेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ मध्ये ८ किंवा जास्त पडतात. म्हणजे साधारण ४२ टक्के. धोका पत्करावा असा आकडा आहे. पण समोरच्या पठ्ठ्याने ३२ मिलिमीटरच्या चकत्यांवरचे सैनिक त्या मजल्यावर असे ठासून उभे केलेत की तुमचा एकही सैनिक ठेवायला जागा नाही. झालं! आता १२ पडले तरी धाव फुकट. ३६ पैकी १५ होते त्याचे शून्य झाले. कशामुळे? शत्रू शूर होता किंवा भिंत मजबूत होती म्हणून नाही, तर चकत्यांचा व्यास आडवा आला म्हणून.

आता वाद. एक म्हणतो, डळमळणारा सैनिक पडू नये म्हणून त्याला बाजूला सुरक्षित ठेवून 'तो खरा तिथे आहे' असं दोघांनी मानायची सोय नियमात आहे, ती वापरू. दुसरा म्हणतो, ती सोय तोल जाणाऱ्या सैनिकासाठी आहे, भरलेल्या जागेसाठी नाही. दोघांच्या हातात पुस्तक एकच! रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवरून क्लायंट आणि टेस्टर यांच्यामध्ये सापडलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

शब्दाला धरून चालणाऱ्यांची बाजू मी हलकी समजत नाही. छापलेला शब्द दोघांना सारखाच दिसतो. 'लेखकाचा हेतू काय होता' असं एकदा विचारायला लागलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा हेतू खरा ठरतो. नवख्या खेळाडूचं तिथे काही चालत नाही.

पण वास्तवाची दुहाई देणाऱ्यांचंही मला पूर्ण पटत नाही. 'खऱ्या लढाईत सैनिक जिन्याने घुसलेच असते' वगैरे. २०२० च्या नवव्या आवृत्तीने हा प्रश्न सोडवला तो वास्तवाला चक्क बाजूला ठेवून. आडवं १ इंच आणि उभं ५ इंच एवढ्या अंतरात असलात की हातघाई सुरू. म्हणजे खाली उभा असलेला सैनिक वरच्या मजल्यावरच्याशी तलवारीने लढतो, मधल्या फरशीसकट! हसू येतं, पण मजला ठासून भरून सुटका करून घ्यायची ती पळवाट बंद झाली. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीतही हीच अंतरं राहिली. त्याआधी याच कंपनीच्या तलवारी-भाल्यांच्या 'वॉरहॅमर'ने २०१० च्या आवृत्तीत आणखी सोपं केलं होतं. इमारतीवर हल्ला झाला की दोन्ही बाजूंनी जास्तीत जास्त १० शिपाई निवडायचे आणि लढायचं. कोण कुठल्या खिडकीत उभा, हा प्रश्नच नाही.

यावरून माझं मत असं झालंय : नियमाचे दोन अर्थ निघत असतील तर ज्या अर्थाने समोरच्याला काहीतरी करण्याजोगं उरतं, तो घ्यावा. इमारतीत शिरलेल्याला फायदा मिळालाच पाहिजे, पण तो फाशांमधून मिळावा. हल्ला अवघड करा, अशक्य करू नका. 'तू इथे येऊच शकत नाहीस' म्हटलं की लढाई संपली, उरला फक्त शब्दांचा कीस.

आणि हे ठरवायचं कधी? खेळ सुरू होण्याआधी. प्रशियात १८२४ साली राइसविट्झने लष्करासाठी युद्धखेळ बनवला तेव्हा त्यात पंच होता. पुढे नियमांचं ओझं इतकं वाढलं की १८७६ साली फेर्डी द्यु फेर्नोआ या अधिकाऱ्याने बहुतेक नियम बाजूला ठेवून अनुभवी पंचालाच निर्णय देऊ द्या असं सुचवलं. शनिवारी दुपारी दोन मित्र खेळतात तेव्हा पंच कुठून आणणार? दोघांनाच पंच व्हावं लागतं, आणि ते फक्त सुरुवातीलाच जमतं. कारण कुणाचे सैनिक वर असतील आणि कुणाचे खाली, हे तेव्हा दोघांनाही माहीत नसतं. धाव घोषित झाल्यावर ज्याला जो अर्थ सोयीचा, तोच त्याला खरा वाटायला लागतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, माणसाचा स्वभावच तो.

'वाद झाला तर एक फासा टाका' असाही एक उपाय आहेच. बारीकसारीक गोष्टीला ठीक. पण सगळा डाव ज्या मजल्यावर अडलाय, तो असा एका फाशावर सोडला तर हरलेला घरी जाताना डावाबद्दल बोलत नाही, त्या फाशाबद्दल बोलतो.

म्हणून टेबल मांडताना पाच मिनिटं काढा. भिंतीतून लढता येतं का? भरलेल्या मजल्यावर धाव घेता येते का? उभं अंतर कसं मोजायचं? एवढे तीन प्रश्न. उत्तरं काहीही ठरवा, पण दोघांनी मिळून आणि फासे हातात घ्यायच्या आधी.