वाळूच्या बेटावर घड्याळ नव्हे, भरती-ओहोटी पाहून जा

सुट्टी लागली की मालवण तालुक्यात देवबाग-तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. घाटावरचे, मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, होडीत बसतात आणि कर्ली नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरतात. या पट्ट्याला आता सगळे ‘त्सुनामी बेट’ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असे लोक सांगतात. ते काहीही असो, बेट हे नाव त्याला शोभत नाही. बेट म्हणजे बारमाही जमीन. हा पट्टा ओहोटीला दिसतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. नदीने आणलेली वाळू मुखाशी प्रवाह मंदावला की खाली बसते, समुद्राची लाट ती परत आत ढकलते. दर पावसाळ्यानंतर त्याचा आकार थोडाफार बदललेला असतो. त्याचा सातबारा कोणाच्या नावावर नाही. तो फक्त ओहोटीपुरता आपला.

शेतीखात्यातल्या माणसाला होडीच्या विषयात काय कळते, असे कोणी विचारील. पण शेतकऱ्याला वापसा कळतो. पाऊस पडला म्हणून कोणी लगेच नांगर घालत नाही, जमीन वापशावर येईपर्यंत थांबतो. वाळूच्या पट्ट्याचाही असाच वापसा असतो, तो म्हणजे ओहोटी. आज मात्र फेरीची वेळ ठरते ती पाहुण्याच्या जेवणावर आणि परतीच्या गाडीवर. इथेच चुकते.

आपल्या जुन्या माणसांचा हिशोब साधा होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी सव्वाबाराच्या आसपास. दशमीला भरती साडेसातला, ओहोटी पावणेदोनला. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती सव्वाअकराच्या सुमारास येते. म्हणजे उधाणाच्या दिवशी भर दुपारी, नेमकी गर्दीच्या वेळी, पट्टा पाण्याखाली असतो. ओहोटी लागते ती संध्याकाळी साडेपाचला. उलट अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी मिळते, पण ते भांगाचे दिवस. पाणी फार उतरत नाही, त्यामुळे पट्टा कमी उघडा पडतो. हा ठोकळ हिशोब आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत आणखी उशीर लागतो. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यात छापलेल्या मिळतात.

दुसरी गोष्ट, पाणी सारख्या वेगाने चढत नाही. भरतीचे बारा वाटे धरले, तर पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या दोन तासांत पाव भरती, पुढच्या दोनच तासांत अर्धी. घोट्याएवढ्या पाण्यात फोटो काढणाऱ्या माणसाला वाटतं, अजून बराच वेळ आहे. तेवढ्यात पाणी मांडीपर्यंत येतं आणि कडेवरचं पोर रडायला लागतं. पट्ट्याच्या कडेला वाळू एकदम खोल उतरते. ओहोटीच्या वेळी मुखातून समुद्राकडे ओढ असते ती वेगळीच. पोहता येतं म्हणणाराही तिथे फसतो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटकांचा बळी गेला. ती बोट या पट्ट्यावर जाणारी नव्हती, पण धडा सगळ्या होड्यांना सारखाच आहे. अपघात झाल्यावर चार दिवस तपासणी होते, जॅकेटं बाहेर निघतात. पुढच्या हंगामात पुन्हा ‘दोन माणसं जास्त बसली तर काय होतंय’ सुरू होतं. एक जीव गेला की गावाचा अख्खा हंगाम जातो, हे होडीवाल्यांनाही ठाऊक आहे.

वेळा पाळल्या तर धंदा बुडेल, ही भीती खरी नाही. उधाणाच्या दिवशी सकाळी खाडीची फेरी आणि संगम दाखवावा, पट्ट्यावर दुपारी चारनंतर न्यावे. भांगाच्या दिवसांत दुपारची फेरी ठेवावी. पाहुण्याला फोनवर खोली देतानाच तारीख विचारून वेळ सांगितली, तर तो तिथे येऊन वाद घालत नाही. पाहुणा मोकळा बसला की शहाळं, कोकम सरबत, काजू, आंबा घेतो. तो पैसा बागायतदाराच्या घरात जातो.

ग्रामपंचायतीने होडीवाल्यांना बरोबर घेऊन येत्या ग्रामसभेत एवढे ठराव करावेत :

१) प्रत्येक जेटीवर फळा लावून रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहाव्यात.

२) पाणी वळल्यापासून दोन तासांच्या आत पट्ट्यावरची शेवटची होडी माणसं घेऊन निघावी. किती उतरवली, किती परत घेतली, याची नोंद ठेवावी.

३) जॅकेट घातल्याशिवाय आणि परवान्यापेक्षा जास्त माणसे घेऊन होडी सुटू नये.

४) पट्ट्यावर पक्के खांब, मांडव नकोत. भरती-ओहोटीच्या रेषांमधली ही जागा किनारा नियमन क्षेत्राच्या १-ब वर्गात येते.

५) नेलेला कचरा त्याच होडीतून परत आणावा. टाकलेली प्लास्टिकची बाटली पुढच्या भरतीला आपल्याच जाळ्यात आणि खाजणात येते.

६) ओहोटीला तिसऱ्या-खुबे काढणाऱ्या बायकांची जागा राखून ठेवावी, तिथे होड्या लावू नयेत. त्यांचे पोट या वाळूवर पर्यटनाच्या आधीपासून आहे.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. हंगाम पुन्हा सुरू होण्याआधी ग्रामसभेची एक बैठक सहज बसते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वरून आदेश येण्याची वाट पाहू नये. फळ्याला आणि खडूला कोणत्याही योजनेचे अनुदान लागत नाही.