अविश्वास नव्हे, आजार

मराठवाड्यातील आमच्या धर्मग्रामांत एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : ‘श्रद्धा असती, तर असे झालेच नसते.’ पाय मोडलेल्या माणसाला हे कोणी ऐकवत नाही. परंतु महिनोन्‌महिने झोप हरवलेल्या, मिस्सेला येण्याचे टाळणाऱ्या, पोटच्या लेकराकडेही पाहवेनासे झालेल्या मातेला मात्र ते घरच्यांकडून आणि शेजाऱ्यांकडून ऐकावे लागते. हे वाक्य निर्दय तर आहेच. ते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीलाही धरून नाही, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू इच्छितो.

नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, आपण निरुपयोगी व दोषी आहोत असे सतत वाटते, मरणाचे विचार घेरतात. या आजाराला क्वचितच एकच कारण असते. अनुवंश, मेंदूच्या रासायनिक कार्यातील बदल, थायरॉइडचा विकार, बाळंतपण, दारू, जिवलगाचा वियोग, कर्ज, अपमान असे अनेक धागे एकत्र गुंततात. पाऊस हुकला की सावकाराच्या दारी जाणारा आमचा शेतकरी, लेकरांसह ऊसतोडीला जाणारे कुटुंब, उद्या काम असेल की नाही याची खात्री नसलेला वाळूजचा कंत्राटी कामगार, यांच्या मनावरील ओझे हे काय त्यांच्या श्रद्धेचे उणेपण आहे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आयुष्यात कधीतरी नैराश्य अनुभवणाऱ्यांचे प्रमाण साधारणपणे वीस प्रौढांमागे एक असल्याचे त्यात आढळले. आणि अशा शंभर रुग्णांपैकी ऐंशीहून अधिक जण उपचारांविनाच होते. २०२२मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्या वर्षी कोणत्याही राज्यातील हा सर्वाधिक आकडा होता. आमच्या रविवारच्या मिस्सेला दोनशे माणसे बसत असतील, तर या हिशेबाने आजाराची झळ लागलेले काही जण त्या बाकांवरही असणारच. ते बोलत नाहीत, कारण ऐकणाऱ्यांनी निवाडा आधीच दिलेला असतो.

पवित्र शास्त्र काय सांगते? एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा परमेश्वर त्याला अविश्वासू म्हणून झिडकारत नाही. देवदूत त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, आणि पुन्हा एकदा देतो. कारण वाट लांबची आहे. उपदेश नंतर, भाकर आधी. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि त्याच दमात वैद्यालाही त्याचे स्थान द्यायला सांगतो.

‘मग प्रार्थनेला अर्थच नाही का?’ असा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. प्रार्थना हवीच; जपमाळ हातात असावी आणि औषध वेळेवर पोटात जावे. आमचा विरोध आहे तो ‘गोळ्या फेकून दे, प्रभू बरे करील’ या सल्ल्याला. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसू लागण्यास काही आठवडे लागतात, आणि ती डॉक्टरांना न विचारता अचानक थांबवणे धोक्याचे असते. असा सल्ला देणारा उद्या त्या घरी काही विपरीत घडले, तर जबाबदारी घेणार आहे काय? जेथे तेथे सैतान पाहणाऱ्यांनी कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा १६७३वा परिच्छेद वाचावा. मानसिक आजार ही वेगळी बाब असून तिचा उपचार वैद्यकशास्त्राकडे आहे, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो.

आत्महत्या केलेल्याच्या कुटुंबाकडे तिरक्या नजरेने पाहणारेही आमच्यात आहेत. हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारणारा नियम १९१७च्या धर्मसंहितेत होता. १९८३च्या संहितेत तो उरला नाही. गंभीर मानसिक व्यथेने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, हीच आज सभेची शिकवण आहे. सभेने दार उघडले. आम्ही मात्र उंबरठ्यावर आडवे उभे आहोत. देशाचा कायदाही पुढे गेला : २०१८पासून अमलात असलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो.

आमची मागणी मोठी नाही. छत्रपती संभाजीनगरात घाटीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे; तेथे जाणाऱ्या शेजाऱ्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभे राहावे. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा विनामूल्य क्रमांक प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर लिहावा, त्यावर दिवसरात्र बोलता येते. सोयरीक मोडेल या भीतीने मुलीचा आजार दडवू नये, आणि आजार कळला म्हणून सोयरीक मोडू नये. आणि पुढच्या रविवारी एखादा बाक रिकामा दिसला, तर ‘श्रद्धा कमी झाली’ असे म्हणण्याआधी त्या घरी जावे, भाकर घेऊन.