पोराच्या हाती पेला कोणी दिला?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरास 17 वर्षांच्या एका पोराने भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि 300 शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले! आम्हां मास्तरांस निबंधाची गोडी आहे; पण हा निबंध पोराने नव्हे, बापाने लिहावयास हवा होता. पोर पितो हे ठाऊक असून परवान्याविना मोटार दिली, असा गुन्हा पोलिसांनी बापावरच नोंदविला. पुढे पोराच्या रक्ताचा नमुना ससूनमध्ये बदलून आईचे रक्त ठेविले, ह्या आरोपावरून आईबाप व डॉक्टर ह्यांस अटक झाली.

पिंपरी-चाकणच्या बांधवांनो, हे बड्यांचे चाळे म्हणून हसू नका. कारखान्यांपायी जमिनी गेल्या, मोबदला आला. त्यातून दहावीच्या पोरास वह्या आधी की बुलेट आधी? गटारीस बाप पोरासच बाटली आणावयास धाडतो. वरातीत चुलता त्याच्या हाती ग्लास देऊन म्हणतो, “आता गडी झाला!” आडातच दारू भरली, तर पोहऱ्यात दूध कोठून येणार?

कोणी शहाणे म्हणतात, बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी डोळ्यांदेखत घेतलेली बरी. आम्ही विचारतो, घरी तो माप शिकतो की मोकळीक? बापाची परवानगी एकदा मिळाली, की पोरास साऱ्या जगाची मिळाल्यासारखे वाटते.

कायदा काही आंधळा नाही. महाराष्ट्रात कडक दारूस वयाची अट 25 वर्षांची आहे. 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा मालकास 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड ठरला आहे. बड्याच्या पोरामागे वकिलांची फौज उभी राहते. कामगाराच्या पोरामागे आईचे रडणे तेवढे असते. म्हणून आपणांस ही चैन दुप्पट महाग पडते.

1880 साली पुणे म्युनिसिपालिटीत जोतीरावांनी दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला. आज दुकानाआधी घराचा उंबरा तपासला पाहिजे. बापांनो, पोरास उपदेश नंतर करा. आधी स्वतःचा पेला पालथा घाला आणि गाडीची किल्ली स्वतःच्या कनवटीस ठेवा!