मध्यंतरापर्यंतचे फाळके

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात ‘अपयशातून यशाकडे’ ह्या विषयावर एका वक्त्यांचे व्याख्यान झाले. त्यांना बोलावणारे आम्हीच होतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढे जे लिहिणार आहोत त्यातला निम्मा राग आमचा आमच्यावरच आहे. स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्राच्या नावाने वर्षातून दोन कार्यक्रम व्हावे लागतात, त्यांची छायाचित्रे नॅकच्या फायलीत लावावी लागतात, आणि असे वक्ते मिळणे कवी मिळण्याइतकेच सोपे असते. सभागृह भरले. वक्ते मुरलेले होते. दीड तासात त्यांनी मुलांना तीनदा उभे केले, शपथ घ्यायला लावली आणि शेवटी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली.

गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. भरात आलेला छापखान्याचा धंदा भागीदारांशी बिनसल्यामुळे सोडावा लागला. वय चाळिशीला टेकलेले. अशा पडत्या काळात येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहण्यात आला आणि माणूस झपाटला. डोळे जाण्याची वेळ आली, तरी हटला नाही. विलायतेला गेला, यंत्र घेऊन आला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. ‘भागीदारांनी दार बंद केलं म्हणून पडदा उघडला!’ असे म्हणून वक्त्यांनी हात वर केले. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या.

मागच्या रांगेत आमचा एक जुना विद्यार्थी बसला होता. सात वर्षे पुण्यात राज्यसेवेची तयारी करून तो नुकताच गावी परतला होता आणि कुठल्याशा दाखल्यासाठी कार्यालयात आला होता. कार्यक्रम संपल्यावर, वक्त्यांची गाडी गेल्यावर, तो आमच्याजवळ आला आणि म्हणाला, ‘सर, फाळक्यांचं पुढं काय झालं?’

त्यावेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. नीट उत्तर असे आहे.

पुढे फाळक्यांना मोठे यश मिळाले. १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालला. भांडवलदार आले, हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि भागीदारांशी पुन्हा बिनसले. फाळके सगळे सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही काळाने त्याच कंपनीत परतले. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू लागला आणि मूकपटांचा हा जनक बघता बघता जुना झाला. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला. तोच त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटाच्या दुनियेला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.

म्हणजे माणूस तोच, जिद्द तीच, भागीदारांशी न पटण्याचा स्वभावही तोच. पहिल्यांदा दार बंद झाले तेव्हा पडदा उघडला आणि दुसऱ्यांदा झाले तेव्हा उघडला नाही. यश जर जिद्दीचेच फळ असेल, तर ह्या दुसऱ्या अर्ध्या आयुष्याचे काय करायचे? आपले वक्ते त्यावर सोपा उपाय योजतात. ते खेळ मध्यंतराला थांबवतात.

ह्याने फाळके लहान होत नाहीत. आमच्या लेखी ते मोठेच होतात. लहान होते ती गोष्ट सांगणाऱ्याची नीती. आणि मध्यंतरापर्यंतची गोष्ट तरी कुठे पुरी सांगितली जाते? विलायतेच्या खर्चासाठी विम्याच्या पॉलिशा गहाण पडल्या. पुढच्या पैशांसाठी रोपाच्या वाढीची चित्रफीत काढून सावकाराला दाखवावी लागली, आणि ती पाहून पैसे देणारा कोणी निघाला. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्या शिकल्या आणि चित्रीकरणाच्या साऱ्या लवाजम्याचा स्वयंपाकही त्यांनीच रांधला. ‘एका माणसाने अपयशावर मात केली’ ह्या वाक्यात ही माणसे कुठे बसवायची? आमच्या सभागृहातल्या कितीजणांच्या घरी गहाण टाकण्याजोगी पॉलिसी होती, हे वक्त्यांनी विचारले नाही. आम्हाला ते विचारावेसेही वाटले नाही, हे अधिक लाजिरवाणे.

आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने एक शब्दाची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘संधी’ हा शब्द आज सर्रास ‘चान्स’ ह्या अर्थाने वापरला जातो. मुळात संधी म्हणजे सांधणे, जोड. व्याकरणात दोन वर्ण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि मिसळताना बदलतात, तेव्हा संधी होतो. राजकारणात दोन पक्षांत होतो तो तह. एकट्या वर्णाचा संधी होत नाही, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असते. गंमत अशी, की निः आणि आशा ह्यांचा विसर्गसंधी होऊनच ‘निराशा’ हा शब्द तयार होतो. असो. व्युत्पत्तीवरून समाजशास्त्र मांडू नये हे आम्हाला कळते. तरीपण ‘संधी निर्माण करा’ असे समोरच्या एकट्या मुलाला बजावले जाते, तेव्हा जोडायचा दुसरा वर्ण कोणता आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारण्याचा हक्क व्याकरणानेही दिलेला आहे.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न फारच उघडा पडतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नव्या पेठेत अभ्यासिकेच्या एका खुर्चीचे आणि कॉटबेसिसवरच्या एका खाटेचे भाडे भरत ह्या मुलांची विशी सरते. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ ही वयोमर्यादा उदार म्हणून सांगितली जाते. ती उदार आहेच. पण तितकी वर्षे आशा धरून ठेवण्याची सोयही तीत आहे. आता ‘अपयश’ म्हणजे काय? मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली आणि मुले शास्त्री रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी जूनमध्ये, मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीच्या प्रतीक्षेत असलेल्या पुण्यातील एका तरुणाने आपले जीवन संपवले. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांची परीक्षा आणि राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी आली. पुन्हा आंदोलन झाले, आणि परीक्षा अखेर १ डिसेंबरला पार पडली. ह्यातल्या एकाही प्रसंगी मुले नापास झाली नव्हती. नापास झाले होते ते वेळापत्रक.

गुणवत्तेत कमी पडणे हे एक दुःख आहे. ज्या परीक्षेला बसायचे तीच न होणे हे निराळे दुःख आहे. तिसरेही एक आहे: लाखांनी अर्ज आणि शेकड्यांनी जागा असताना, चांगला अभ्यास करूनही बहुतेकांनी बाहेर राहणे गणितानेच ठरलेले असते. ह्या तिन्हींना ‘अपयश’ हे एकच नाव देणे आणि तिन्हींवर ‘स्वतःला बदला’ हे एकच औषध देणे, ही आमच्या काळातली मोठी वैचारिक लबाडी आहे. पहिल्या दुःखाला आत्मपरीक्षण हवे, दुसऱ्याला तक्रार हवी, तिसऱ्याला दुसरी वाट हवी आणि ती वेळेवर दाखवणारे कोणी हवे. वक्ते ज्याला ‘नकारात्मकता’ म्हणतात, त्यात पुष्कळदा एक रास्त तक्रार दडलेली असते. ती पुसून टाकली की मुलापाशी उरते ती फक्त शरम.

‘संकट हीच संधी’ हे वाक्य खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते अर्धवट आहे. कोणाचे संकट आणि कोणाची संधी, ही दोन षष्ठीची रूपे त्यातून गाळलेली असतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि बहुसंख्यांना आपल्या साच्यांवर परत जाता आले नाही. त्या संकटातून संधी निर्माण झालीच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट मोकळी केली. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, धुराडे तेवढे शोभेला ठेवले आहे. कामगारांच्या घरांसाठी अर्ज आले दीड लाखांहून अधिक, आणि २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती सात हजारांच्या आत. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मधले धुरी कुटुंब ज्यांनी रंगमंचावर पाहिले आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. त्या घरातल्या मुलांना कोणी सकारात्मक विचारांचे पुस्तक भेट दिले असते तर काय झाले असते, ह्याची कल्पनाही करवत नाही.

इथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणून आहोत. ‘मग काय, मुलांना रडत बसा म्हणून सांगायचे?’ आक्षेप वाटतो तितका पोकळ नाही. अशा एखाद्या व्याख्यानाने कोणी वाईट विचारापासून परतला असेल, तर त्या वक्त्याला आमचा नमस्कार. परंतु रडणे आणि पुढे जाणे ह्यांपैकी एकच निवडावे लागते, हे कोणी ठरवले? ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याला आपला समाज तेरा दिवस देतो. त्या दिवसांत त्याला चूल पेटवावी लागत नाही, शेजारी पिठलेभात आणून देतात, आणि ‘झाले ते चांगल्यासाठीच झाले’ असे त्याच्या तोंडावर बोलण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. सात वर्षांची आशा मेली तर मात्र आपण दुसऱ्याच दिवशी विचारतो, ‘आता पुढं काय?’

मराठी कादंबरीने हा प्रश्न इतक्या घाईने विचारलेला नाही. ‘कोसला’ १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याहून गावी परततो तो हरून, आणि नेमाड्यांनी त्या हरण्याला कुठल्याही विजयाची शेपटी जोडलेली नाही. ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतचा चांगदेव पाटील ह्या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात जात राहतो, आणि आमच्यासारख्या तासिका तत्त्वावर अनेक वर्षे काढलेल्यांना त्याच्या वळकटीचे वजन नेमके माहीत आहे. ह्या कादंबऱ्यांनी आम्हाला यश दिले नाही. आपल्यासारखे हरलेले आणखी कोणी आहे आणि त्याच्या हरण्याकडे कोणी एवढे बारकाईने पाहिले आहे, एवढे मात्र दिले. त्या दिवसांत ते पुष्कळ होते. आज ह्याच कादंबऱ्या आम्ही वर्गात शिकवतो, दहा गुणांच्या प्रश्नात ‘पांडुरंगाचे परात्मभान स्पष्ट करा’ असे लिहितो, आणि दुपारी सभागृहात जाऊन त्याच मुलांना शपथ घ्यायला लावतो! आमच्या विषयाला काही बोलायचे होते त्या जागी आम्ही भाड्याचा वक्ता बसवला.

त्या विद्यार्थ्याकडे परत येतो. फाळक्यांची उरलेली गोष्ट आम्ही त्याला नंतर एका रविवारी सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग स्वतःचे बोलू लागला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचल्याचे, एकदा चार गुणांनी गेल्याचे, वडिलांनी विकलेल्या म्हशीचे, आणि लग्नकार्यात ‘झालास का रे साहेब?’ म्हणून विचारणाऱ्या मामांचे. आम्ही उपदेश केला नाही. खरे तर सुचलाच नाही. पुढच्या तीन-चार भेटींत हळूहळू एवढेच लक्षात आले, की सात वर्षांत त्याने महसूल कायदा, पंचायत राज आणि शासन निर्णय वाचण्याची जी हातोटी मिळवली आहे ती तालुक्यात फारशी कोणाजवळ नाही. आमचा एक मित्र आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. त्याच्याकडे तो सकाळी बसू लागला. लोकांचे अर्ज लिहितो, फेटाळलेल्या अर्जांवर अपील कसे करायचे ते सांगतो. संध्याकाळी वाचनालयाच्या अभ्यासिकेत दहा-बारा मुलांना राज्यघटना शिकवतो, आणि पहिल्याच दिवशी त्यांना जागा किती, अर्ज किती हे फळ्यावर लिहून दाखवतो. कमाई जेमतेम आहे. मामांचा प्रश्न अजून संपलेला नाही. आणखी एकदा परीक्षेला बसायचे की नाही, हे त्याचे ठरलेले नाही आणि आम्हीही विचारत नाही.

यंदाच्या कार्यक्रमाला त्यालाच बोलवावे असे आम्ही सुचवले. ‘मी काय बोलणार सर, माझं तर झालंच नाही,’ असे तो म्हणाला. त्यासाठीच बोलवतो आहोत, असे सांगितल्यावर बराच वेळ गप्प राहून तयार झाला. अट एकच, फलकावर ‘यशस्वी’ हा शब्द नको. प्राचार्यांची हरकत नाही. मात्र विषय काय लिहायचा, हे त्यांनी विचारले आहे, आणि नॅकच्या फायलीतला तो रकाना आम्ही अजून भरलेला नाही.