कढीतलं बेसन, डब्यातली गवार



परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा हातात डबा घेऊन आला. मामांनी पुण्याहून मोतीसाठी, म्हणजे त्यांच्या कुत्र्यासाठी, खाऊ आणला होता. निम्मा डबा मोतीने फस्त केला आणि मग ताईने डब्यावरचा एक शब्द वाचला : स्टॅबिलायझर.

"बाई, आजी म्हणते ते केमिकल आहे. मोतीला काही होईल का हो?" बिचारा रडवेला झाला होता.

मी डबा वाचला. त्या शब्दापुढे लिहिलं होतं, 'ग्वार गम'. म्हणजे काय? आपली गवार!

आता सांगा, आई कढीला बेसन का लावते? नाहीतर कढी फाटते, पाणी वेगळं होतं. बेसन तिला धरून ठेवतं. स्टॅबिलायझरचं काम हेच. आपण गवारीच्या कोवळ्या शेंगा खातो. राजस्थानात मात्र शेंगा वाळवून बी काढतात. बियांच्या आतल्या पांढऱ्या भागाची पूड करतात. ही पूड पाण्यात फुगते, दाट होते. म्हणून डब्यातल्या मांसाच्या फोडी आणि रस्सा वेगळे होत नाहीत. जगातली बहुतेक गवार भारतातच पिकते. आइस्क्रीमच्या वेष्टनावर ४१२ हा आकडा दिसला, तर समजा, तिथेही गवार आहे!

कोरड्या खाऊत दुसरी अडचण असते. जुने शेंगदाणे खवट होतात ना? तशीच त्यातली चरबीही खवट होते. ते टाळायला पुष्कळदा 'ई' जीवनसत्त्व घालतात.

मुलगा हसला. मी सहज विचारलं, "एरवी मोती काय खातो?"

"रात्रीचा उरलेला रस्सा आणि भाकरी. कांदा-लसणाचा, झणझणीत!"

आता मात्र मीच घाबरले. मुलांनो, कांदा कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. लसूणही तसाच. चॉकलेट आणि मनुकाही कुत्र्याला विषासारख्या. लहानपणी मीसुद्धा आमच्या कुत्र्याला रस्साच घालायचे. कुणी सांगितलंच नव्हतं!

तेव्हा आजपासून फोडणीआधीचं साधं वरण बाजूला काढा आणि त्यात भाकरी कुस्करा. कुत्रा मलूल दिसला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर लगेच गुरांच्या दवाखान्यात न्या.

अनोळखी शब्द दिसला, तर घाबरण्याआधी त्याचा अर्थ विचारा. आणि ओळखीचा पदार्थही दुसऱ्याच्या ताटात वाढण्याआधी विचारा, याला हे चालतं का?

मोती मजेत आहे. कालच शाळेच्या फाटकापर्यंत आला होता.

— तुमच्या बाई, चोपडा