फुकटचा रखवालदार



आमच्या हिर्डोशीकडून फोटो काढायचे, दाखल्याची प्रिंट मारायची, फॉर्म भरायचा म्हटलं की भोर गाठावं लागतं. खिशात पेनड्राईव्ह असतोच. तो आधी दुकानातल्या संगणकाला लागतो, मग घरच्या. आणि एके दिवशी त्यातल्या सगळ्या फोल्डरांवर छोटासा बाण दिसू लागतो! खरा फोल्डर विषाणूने दडवलेला असतो आणि दाराशी उभा असतो त्याचा तोतया. त्यावर टिचकी मारली की विषाणू घरात. ताईचा दहावीचा प्रकल्प, आईच्या बचत गटाचा हिशोब, सगळं धोक्यात.

मग घरात ठराव होतो, "फुकटातला अँटीव्हायरस टाकू या." पण कोणता?

थांबा. बाहेर शोधण्याआधी घरात बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' नावाचा रखवालदार आधीपासूनच बसवलेला असतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, तो तिथे भेटेल. घरच्या साध्या वापराला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. (विंडोज १० वाल्यांनी मात्र वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला, की तिचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रखवालदार जागा असला तरी भिंतीला पडलेली भोकं कोण बुजवणार?)

नव्या संगणकात गंमत वेगळीच. दुकानातूनच एखादा विकतचा अँटीव्हायरस चार दिवस 'वापरून बघा' म्हणून घातलेला असतो. मुदत संपली की तो कोपऱ्यात नुसता बसून राहतो. नव्या विषाणूंची यादी त्याला मिळत नाही, आणि आपल्याला वाटतं पहारा चालू आहे! पैसे भरायचे नसतील तर त्याला सरळ काढून टाका, आणि मग डिफेंडर सुरू झाला का ते बघा. दोन रखवालदार एकाच वेळी नकोत. ते एकमेकांनाच चोर समजतात आणि संगणक बैलगाडीसारखा चालतो.

आता जरा वेगळी गोष्ट. कैलाश काटकर हे नाव ऐकलंय? मूळचे सातारा जिल्ह्यातले. शाळा दहावीपर्यंत, मग पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम. पुढे दुकानात संगणकही दुरुस्तीला येऊ लागले, त्यातले कितीतरी विषाणूंनी बिघडलेले. तेव्हा 'मायकेलएंजेलो' नावाचा एक विषाणू होता. तो वर्षभर गप्प बसायचा आणि ६ मार्चला डिस्कवरची माहिती पुसायचा! कैलाशरावांचे धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी अशा विषाणूंवर उतारा लिहायला घेतला. त्यातूनच १९९० च्या दशकात पुण्यात 'क्विक हील' उभं राहिलं.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की नवे विषाणू रोजच येतात. त्यांच्यावर उतारा शोधणारी माणसं पगारावर असतात. मग फुकट देणाऱ्याला परवडतं कसं? हाच प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. डिफेंडरचा खर्च विंडोजच्या किमतीत आला. काही कंपन्या फुकटचा नमुना देतात, आवडला तर विकतचा घ्या म्हणतात. त्यात वावगं काही नाही. पण 'अवास्ट'चं ऐका. हा जगभर वापरला जाणारा फुकट अँटीव्हायरस. लोक कोणकोणती संकेतस्थळं बघतात याची माहिती त्या कंपनीने विकली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. माहिती विकायचा तो धंदा तिने २०२० मध्येच बंद केला होता, हेही सांगायला हवं.

आणखी एक फरक ओळखायला शिका. पहारेकरी वेगळा, झाडूवाला वेगळा. 'मालवेअरबाइट्स'चा फुकट प्रकार झाडूवाला आहे. बोलावलं की घर झाडतो, पण रात्री दारात बसत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. तिथेही क्विक हीलसारख्या कंपन्यांची सफाईची साधनं मोफत मिळतात. पहाऱ्याला डिफेंडर आणि शंका आली तर झाडूवाला, ही जोडी चालते.

मित्राने पेनड्राईव्हवर आणून दिलेला, कुलूप तोडलेला विकतचा अँटीव्हायरस मात्र घेऊच नका. चोराच्या हातचं कुलूप आपल्या दाराला लावायचं? आणि पडद्यावर अचानक लाल पाटी आली, "तुमच्या संगणकात ३७ विषाणू, इथे दाबा!" तर दाबायचं नाही. ती पाटी हाच बहुतेक वेळा विषाणूचा सापळा असतो. ती खिडकी बंद करा, होत नसेल तर संगणक बंद करा.

रखवालदाराला रोजची खबर लागते. रेंज आली की 'अपडेट' बघत जा. आज एक काम करा. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, रखवालदाराचं नाव आणि शेवटच्या अपडेटची तारीख वहीत लिहा, आणि मला पोस्टकार्डावर कळवा. कोणाची तारीख सगळ्यात जुनी निघते, बघू या!